गंडमाळेला आधी कांचनार गुग्गुळ की आधी सुई?

मृणाल_वर्धा
मानेत गाठ दिसली, जुनी माणसं गंडमाळ म्हणतात ती, की घरोघरी पहिला सल्ला ठरलेला: कांचनार गुग्गुळ या आयुर्वेदिक गोळ्या सुरू कर, विरघळून जाईल. हल्ली जोडीला ‘लिंफ साफ करणारी’ म्हणून मंजिष्ठेच्या कॅप्सूल आणि काढ्याची पाकिटंही खपतात. माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन आठवड्यांत न बसणारी गाठ डॉक्टरांना दाखवून, गरज असेल तर सुईने तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर गोळी, काढा, लेप काहीही सुरू करू नये.

आपल्याकडे अशा गाठीमागे क्षयरोग असण्याची शक्यता मोठी असते. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत सगळ्यात जास्त आढळतो तो लसिकाग्रंथींचाच, म्हणजे मान-काख-जांघ इथल्या लिंफच्या गाठींचा. त्यात आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. तोंडाचा कॅन्सर मानेतल्या कडक गाठीवरून कळतो अशी माणसंही असतात.

नात्यातल्या एका कॉलेजातल्या मुलीला मावशीने दुकानातून कांचनार गुग्गुळ आणून दिला. न दुखणारी, बोराएवढी गाठ होती. दिवाळीपासून होळीपर्यंत गोळ्या चालल्या. मग दोन गाठी एकमेकींना चिकटल्या, वरची कातडी जांभळट झाली आणि ती जागा फुटून पू वाहायला लागला. टीबी निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी ती बरी झाली, वण मात्र कायमचा राहिला. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये मिळतात. मग उशीर कशासाठी करायचा?

वैद्य_कऱ्हाड
मृणालताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण या सगळ्यात वैद्य कुठे आहे? मावशी आहे आणि दुकान आहे.

कांचनार गुग्गुळ हा शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथातला कल्प, म्हणजे अनेक द्रव्यांचं एकत्र औषध. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्ण्याची साल, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि या सगळ्यांच्या बरोबरीने गुग्गुळ. सोबत गोरखमुंडीचा, खैराचा किंवा हिरड्याचा काढा, नाहीतर कोमट पाणी. कुणाला कोणतं अनुपान द्यायचं हे वैद्य ठरवतो. दुकानातून डबी उचलली की हा अर्धा भाग गळून पडतो.

ग्रंथकारांनी सगळ्या गाठी एकाच मापाने मोजलेल्या नाहीत. गंडमाळ वेगळी, अपची वेगळी, ग्रंथी वेगळी, अर्बुद वेगळं. काख, खांदा, मान, जांघ इथे येणाऱ्या बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या गाठींचं वर्णन आहे. आणि गाठींसोबत खोकला, ताप, बरगडीत दुखणं, उलट्या असतील तर रोग असाध्य, असं माधवनिदान हा रोगनिदानाचा ग्रंथ बजावतो. हे निदानच आहे की!

शिवाय प्रत्येक गाठीला सुई हाही अतिरेकच. लहान मुलांना डोक्यात उवा-फोड झाले की मानेमागे गाठी येतात, दाढ किडली की जबड्याखाली येते. कारण गेलं की त्या बसतात.

मृणाल_वर्धा
म्हणूनच मी ‘न बसणारी’ असं लिहिलं. उवांच्या गाठीला सुई लावा असं कुणीच म्हणत नाही.

पण माधवनिदानाचा दाखला तुम्ही दिलात, तर त्याचा पुढचा अर्थही घ्या. खोकला, ताप आणि गळ्यात गाठी, हे चित्र मला तरी टीबीचंच वाटतं. त्या काळी ज्याला हात लावू नका म्हटलं, तो रुग्ण आज सहा महिन्यांत बरा होतो. मग त्याच्या हातात आधी गुग्गुळ देण्यात शास्त्राचा कुठला मान राहतो?

पैनगंगा
तुमचं भांडण मानेच्या गाठीवर चाललंय, मी पायाचं बोलतो. माझ्या वडिलांना हत्तीपाय आहे. डीईसीच्या गोळ्या किती वेळा खाल्ल्या, सूज उतरली नाही. त्या गोळ्या रक्तातले जंतू मारतात, जुनी सूज उतरवत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात दर वेळी गोळ्या हातावर ठेवल्या आणि परत पाठवलं. पुनर्नवेचा काढा दिला तो गावच्या वैद्यबुवांनी. पाय रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिरा पडू देऊ नका, झोपताना पाय उंचावर ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं. थंडी वाजून ताप यायचा आणि पाय लालबुंद व्हायचा, ते आता फार कमी झालंय. ज्याने वेळ दिला त्याचं औषध आम्ही घेणार, यात आमचं काय चुकलं?

मृणाल_वर्धा
तुमचं काहीच चुकलं नाही दादा. ज्यांनी सांगायचं ते गप्प राहिले, दोष त्यांचा. फक्त एवढंच म्हणेन की ताप कमी झाला तो बहुतेक पाय धुण्याने आणि चिरांची काळजी घेतल्याने. कातडी फाटली की जंतू शिरतात आणि ते झटके येतात. काढा सुटला तरी चालेल, पाय धुणं सोडू नका.

आणि घरातल्या बाकीच्यांनी हत्तीपायाविरुद्धच्या मोहिमेतल्या गोळ्या आशाताईंसमोरच गिळाव्यात. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. गोळ्या घेऊन कोनाड्यात ठेवून देणारी घरं मी स्वतः पाहिली आहेत, दुसऱ्या दिवशी त्या उकिरड्यावर सापडतात.

वैद्य_कऱ्हाड
श्रेय सगळं साबणाला देऊन मोकळं होऊ नका. केरळात कासरगोडला त्वचारोगावर काम करणारी संस्था आहे. तिथे हत्तीपायाच्या रुग्णांना पाय धुणं, औषधी फांटात (गरम पाण्यात वनस्पती भिजवून केलेल्या अर्कात) पाय बुडवणं, योगासनं, मसाज आणि घट्ट पट्टी बांधणं असं एकत्र देतात, आणि आधुनिक डॉक्टर व वैद्य एकाच छताखाली रुग्ण पाहतात. त्यांनी ते शोधनिबंधांतून मांडलंय. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शाखोटक या झाडाच्या सालीवर काम झालं, हत्तीपायाच्या (फायलेरियाच्या) जंतूंवर तिचा परिणाम प्राण्यांत दिसला. ग्रंथांत श्लीपदावर, म्हणजे हत्तीपायावर, शाखोटक आहेच. साचलेल्या जुन्या पाण्याच्या, बारमाही थंड प्रदेशांत हा रोग जास्त होतो हे सुश्रुताने टिपून ठेवलंय, डास कुणाला माहीत नव्हता तेव्हा.

पूर्वा_ठाणे
सुश्रुताचं निरीक्षण खरंच थक्क करणारं आहे. पण त्यांनीच वर्ष उलटलेलं, फार वाढलेलं, वारुळासारखं झालेलं श्लीपद सोडून द्यावं असंही लिहिलंय. आजची जाहिरात असं कधी सांगत नाही.

माझ्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, त्यानंतर हात सुजतो. तिला नातेवाईक रोज एक ‘लिंफ डिटॉक्स’ पाठवतात. मी वाचलं ते सांगते. कुमारिन हे वनस्पतींत सापडणारं द्रव्य अशा सुजेवर नावाजलेलं होतं. अमेरिकेत १४० बायकांवर त्याची नीट चाचणी झाली, निष्कर्ष १९९९ मध्ये आले. हाताची सूज कमी झाली नाही आणि काहींच्या यकृताला मात्र इजा झाली. आईला उपयोग होतो तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या हलक्या मसाजचा आणि बाहीसारख्या घट्ट स्लीव्हचा.

वैद्य_कऱ्हाड
वनस्पतीतून वेगळं काढलेलं एक रसायन आणि अख्खा कल्प, यांना एकाच न्यायाने बाद करता येत नाही. कुमारिन हे आयुर्वेदाचं औषध नाही.

पूर्वा_ठाणे
मग गुळवेल घ्या. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने सांगितलं की दुसरीच वेल असावी. असेलही! पण दुकानात उभ्या असलेल्या बाईला कुठली वेल आत आहे हे कळणार कसं? आणि गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल, डिल्टिआझेम यांसारख्या बीपी-हृदयाच्या औषधांचं शरीरातलं प्रमाण कमी होतं. आईच्या वयाच्या किती बायका ही औषधं घेतात!

रानपाखरू
वेलीची गोष्ट निघालीच आहे म्हणून: दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून सर्रास कांचनाची, म्हणजे या कांचनाराच्याच जातीच्या झाडाची, पानं विकतात. दोन्ही एकाच कुळातली, पानं तशीच दुभंगलेली, कांचनाची मोठी. पानांत ही गत, तर सालीची भुकटी कोण ओळखणार? आणि राजस्थान-गुजरातेतलं गुग्गुळाचं झाड डिंकासाठी चिरे पाडून पाडून नष्ट होण्याच्या काठावर आलंय. ज्याला गरज नाही त्याने ते ‘शुद्धी’साठी गिळू नये, हे माझं मत.

समीर_नाशिक
मला सरळ उत्तर हवंय. मानेच्या टीबीची औषधं सुरू होऊन दोन महिने झाले आणि गाठ उलट मोठी झाली आहे. औषध लागू पडत नाही का? सोबत कांचनार घेऊ का?

वैद्य_कऱ्हाड
टीबीच्या गोळ्या एक दिवसही थांबवू नका. कांचनार सोबत चालतो असा माझा अनुभव आहे, पण तुमच्या डॉक्टरांना सांगूनच, आणि वैद्याच्या देखरेखीखाली.

मृणाल_वर्धा
उपचार बरोबर चालू असतानाही पहिल्या काही महिन्यांत गाठ वाढू शकते, नवीही येऊ शकते. तेवढ्यावरून औषध हरलं असं होत नाही, पण याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, कारण औषधाला न जुमानणारा टीबी आहे का हे त्यांनाच बघावं लागेल.

कांचनारला मी नाही म्हणेन. टीबीची काही औषधं यकृतावर आधीच ताण आणतात. उद्या कावीळ झाली तर नेमकं कशामुळे झाली हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि बंद कराव्या लागतील त्या टीबीच्या गोळ्या.