३ जुन्या मशिनी एका सर्व्हरवर आणायच्या आहेत, प्लॅनिंग कसं करायचं?

हिंगणा_युनिट:
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, ऑफिसात ३ जुन्या मशिनी चालून राहिल्या. एकीवर टॅली, १२ जण एकावेळी बसतात. दुसरीवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, त्यात डोमेन (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारं) आन् सगळ्या ड्रॉइंगच्या फाइली. तिसरीवर बायोमेट्रिक हजेरीचं सॉफ्टवेअर, एसक्यूएल एक्सप्रेस या डेटाबेसवर. २०१२ आर२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला म्हणून आता थांबणं बरं नाही. व्हेंडरनं कोटेशन दिलं, दोन प्रोसेसरचा एक मोठा सर्व्हर, ३२ कोअर, १२८ जीबी रॅम, वरून व्हीएमवेअर, म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये अनेक आभासी मशिनी (व्हीएम) चालवायचं सॉफ्टवेअर. मालक म्हणतात घेऊन टाकू पण मला खटकून राहिलं. एवढं लागते का खरंच? सीसीटीव्हीचा एनव्हीआर (रेकॉर्डर) पण त्यातच टाकू का?

धरमपेठ_सर्व्हरवाला:
भाऊ, ऑर्डर द्यायच्या आधी मोजा. तिन्ही मशिनींवर परफॉर्मन्स मॉनिटर लावून ठेवा, सीपीयू, वापरलेली रॅम आन् डिस्क क्यू (डिस्कसाठी थांबलेली कामं), महिनाभर तरी, म्हणजे ११ आणि २० तारखेचे जीएसटीचे दिवस त्यात येतील, टॅलीवर खरा लोड तेव्हाच असते. बहुतेक दिसेल की सीपीयू रिकामा बसला आहे आणि लोक ज्याला स्लो म्हणून राहिले ती डिस्क आहे. सीपीयू व्हीएममध्ये वाटून घेता येते, रॅम मात्र बेरीज करूनच धरा. तुमचं मी असं धरीन: टॅली १६, डोमेन ६, फाइल ८, हजेरी ८, होस्टसाठी, म्हणजे खुद्द सर्व्हरसाठी ८. म्हणजे ६४ जीबीत आरामात बसते. पण १२ जण रिमोट डेस्कटॉपनं बसत असतील तर टॅलीला ३२ द्या आणि आरडीएस कॅलचा (रिमोट डेस्कटॉप वापरायच्या लायसन्सचा) खर्च वेगळा धरा, व्हेंडर हे सांगत नाहीत.
डिस्क एंटरप्राइज एसएसडीच घ्या, पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली, दोन, मिररमध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. एनव्हीआर वेगळाच राहू द्या, तो चोवीस तास लिहीत राहते, बाकी सगळ्यांची डिस्क खाऊन टाकेल.

गांधीबाग_आयटी:
वरच्या दादांशी सहमत. लायसन्सचं पाहून घ्या, पैसा तिथं जाते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला कमीत कमी १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागते आणि त्यात २ विंडोज व्हीएम चालतात. ३२ कोअरचा सर्व्हर घेतला की त्याच २ व्हीएमसाठी दुप्पट पैसे. तुम्हाला ४ व्हीएम पाहिजेत, म्हणजे सगळे कोअर परत एकदा लायसन्स करायचे. १६ कोअरचा एकच प्रोसेसर घ्या, झालं. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमनं २०२३ मध्ये घेतली, कायमचं लायसन्स बंद करून सबस्क्रिप्शन केलं, छोट्या ऑफिसला परवडत नाही. त्याच कामाचं हायपर-व्ही तुमच्या विंडोज लायसन्समध्येच येते, नाहीतर प्रॉक्समॉक्स आहे.

वर्धारोड_बॅकअप:
एक गोष्ट कोणी बोललं नाही. आज एक मशीन बसली तर बाकी दोन चालतात, उद्या एक बसली की टॅली, फाइली, हजेरी सगळंच बंद. म्हणून ३२ कोअरमधून जो पैसा वाचेल तो दुसऱ्या साध्या मशीनवर टाका. तिच्यावर रोज रात्री सगळ्या व्हीएमचा बॅकअप जाऊ द्या, प्रॉक्समॉक्स घेतलं तर त्याचा बॅकअप सर्व्हर फक्त बदललेलाच भाग उचलते त्यामुळे जागा कमी लागते. मोठा सर्व्हर बंद पडला तर टॅलीची व्हीएम याच मशीनवर रिस्टोअर करून चालू करता आली पाहिजे, एवढी रॅम तिच्यात ठेवा. आणि हे एखाद्या रविवारी खरंच करून पाहा, टॅलीत शेवटचं व्हाउचर कोणतं दिसते ते अकाउंटंटला उघडून पाहू द्या. मिरर म्हणजे बॅकअप नाही, फाइल डिलीट झाली की दोन्ही डिस्कवरून जाते, रॅन्समवेअरचंही तेच. एक कॉपी बाहेर न्या, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं नियमातच आहे.
अजून एक, मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जाते, सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका, ओली हवा आणि धूळ दोन्ही आत ओढते, एसीच पाहिजे. यूपीएसची केबल सर्व्हरला जोडून ठेवा म्हणजे बॅटरी संपायच्या आधी व्हीएम नीट बंद होतील.

हिंगणा_युनिट:
खूप खूप धन्यवाद, मालकांना हे सगळं वाचून दाखवतो. जुन्या मशिनी जशाच्या तशा व्हीएममध्ये उचलता येतात का?

धरमपेठ_सर्व्हरवाला:
हजेरीवाली येते, डिस्क२व्हीएचडी या टूलनं डिस्कची कॉपी करून उचला. प्रॉक्समॉक्सवर नेत असाल तर आधी साटा डिस्क म्हणून बूट करा, मग व्हर्टआयओ ड्रायव्हर (व्हीएमच्या जलद डिस्कसाठी लागणारा) टाका, नाहीतर निळी स्क्रीन येते. डोमेन कंट्रोलर मात्र उचलू नका, नवीन व्हीएमवर नवीन कंट्रोलर उभा करा, रोल (त्याच्याकडची कामं) तिकडे सरकवा, मग जुना डिमोट करा, म्हणजे कंट्रोलरपदावरून काढा. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करून मगच व्हीएममध्ये अॅक्टिव्हेट करा, आणि हे २० तारखेच्या आसपास अजिबात नको.