[मंडळ-गप्पा] सहा वर्षांच्या पोराला शिकारीला न्यावं का?

प्रेषक: चिनूची आई
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

घरात चर्चा करून दमले, म्हणून आता इथे विचारतेय. चिनूच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शनिवारी हरणाच्या शिकारीला निघालेत. स्वतःच्या मुलाला नेतायत, आणि "चिनूलाही पाठवा, त्याच्या बाबांनीही यावं" असं आमंत्रण आलंय. चिनूला नुकतीच सहा पूर्ण झाली. मुलांनी बंदुकीला हात लावायचा नाही, नुसतं बसून बघायचं. नवऱ्याने जन्मात बंदूक धरलेली नाही, पण उत्साह चिनूच्या दुप्पट. दुर्बिणीच्या काचा पुसूनसुद्धा झाल्या.

माणूस भला आहे, दोन वर्षांची ओळख आहे. मला नक्की कशाची धास्ती वाटते तेच धड सांगता येत नाही. बंदुकीची तर आहेच. पण ते सगळं बघून आल्यावर चिनू मला काय विचारेल, त्याची जास्त आहे. कोणी नेलंय का आपल्या पोरांना?

---

प्रेषक: अप्पा
सोमवार, रात्री

नेऊ नये. मुंगीवर पाय देऊ नको म्हणून पोरांना आपणच शिकवायचं, आणि मग पहाटे उठवून हरीण मारताना दाखवायला न्यायचं, याचा मेळ कसा घालायचा? ओळख राखायला इतर शंभर वाटा आहेत.

---

प्रेषक: नाना
मंगळवार, पहाटे

अप्पांशी वाद घालत नाही. त्यांच्या ताटात मांस नसतं, त्यांना असं बोलणं शोभतं. मांस खाणारे तेच बोलले की मला हसू येतं.

पोरी, तुझ्या प्रश्नाकडे येतो. मी वीस वर्षं शिकार करतोय. धाकटीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आधी माझी चूक सांगतो. मला वाटलं होतं, मी शिकार करीन आणि ती बघेल. तसं होत नसतं. एक तर शिकार होते, नाही तर मूल सांभाळलं जातं.

लपणात बसलो होतो. तासभर तिने छान तग धरला. मग झाडीतून एक हरणी बाहेर आली, ऐंशीएक मीटरवर, अगदी आडवी उभी. मी बंदूक खांद्याला लावली, सेफ्टी काढली, श्वास रोखला. डोळ्याच्या कोपऱ्यातून सहज बघतो तर पोरीने कानावरचे मफ काढून गळ्यात घातलेले. टोपीवरून ते टोचत होते म्हणे. चापावर बोट ठेवायचंच काय ते बाकी होतं. बंदूक खाली घेतली, हरणी गेली, आणि पुढची दहा मिनिटं माझे हात थरथरत होते.

आता आवाजाचा हिशेब बघ. शिकारीच्या रायफलचा बार १६० डेसिबलच्या घरात जातो. अशा क्षणभराच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० ची मर्यादा सांगितली आहे. चांगले मफ पंचवीस, फार तर तीस डेसिबल कापतात. म्हणजे मफ घालूनही मुलाच्या कानाचा आकडा मर्यादेच्या वरच. आत फोमचे बोळे घातले तर आणखी पाचेक कमी होतात. दोघांची सरळ बेरीज होत नाही, हे पुष्कळ शिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. शिवाय मोठ्यांचे बोळे पोरांच्या कानात बसत नाहीत, सुटून येतात. तेव्हा छोट्या मापाचे बोळे, वर मुलांचे मफ, आणि मूल बंदुकीच्या शेजारी न बसवता चांगलं मागे. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक असेल तर त्या बंदुकीजवळ पोराला पाठवूच नकोस. त्याने खांद्याचा धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. बंदिस्त लपणात तर विचारायलाच नको. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

कायद्याकडे बघू नकोस. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये मार्गदर्शकाबरोबरच्या शिकारीसाठी किमान वयाची अटच काढून टाकली. मार्गदर्शक हाताच्या अंतरावर हवा एवढं ठेवलं. इतर ठिकाणी दहा-बारा वर्षांच्या अटी आहेत. हे सगळं बंदूक धरणाऱ्या मुलाबद्दल झालं. नुसतं बसणाऱ्या मुलाबद्दल कायदा बहुतेक गप्पच असतो.

आणि तुझ्या नवऱ्याला बंदूक धरता येत नाही, ही या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्याला दुसरं कामच नको. चिनू कंटाळला, चिनूला शू लागली, चिनूचे पाय गारठले, की तो उठेल आणि पोराला घेऊन गाडीकडे जाईल. कोणाची शिकार बुडाली तरी बुडू दे. त्या गृहस्थांनाही हे आधीच सांगून ठेवा.

---

प्रेषक: चिनूची आई
मंगळवार, दुपारी

> चिनू कंटाळला, चिनूला शू लागली, चिनूचे पाय गारठले

नाना, हे तिन्ही पहिल्या पंधरा मिनिटांतच होणार.

त्या गृहस्थांना नक्की काय विचारू? त्यांना वाटायला नको की मी संशय घेतेय. आणि समजा हरीण खरंच पडलं, तर?

---

प्रेषक: नाना
मंगळवार, संध्याकाळी

सरळ विचार. नीट शिकारी असेल तर त्याला बरंच वाटेल, आणि राग आला तर तुझा निर्णय तिथेच झाला.

गाडीत बंदूक रिकामी असते का, काडतूस कधी भरता? मचाणावर बसणार की जमिनीवर? शिडीवरून आणि मचाणावरून पडून शिकारी जितके जायबंदी होतात, तितकी भीती लोकांना वाटत नाही; सहा वर्षांचं पोर तिथे चढवायचंच नाही. मुलांसाठी मफ आहेत का? आणि शेवटचं, मुलं बरोबर असताना कसा नेम घेणार? याचं उत्तर फार महत्त्वाचं. जनावर लांब असेल, चालत असेल, तिरकं असेल तर बार काढायचा नाही. एरवी अनुभवी माणूस अशा वेळी धोका पत्करतो. पोटात गोळी लागली की जनावर तासन्‌तास जगतं, आणि मग मुलांना घेऊन त्याच्या मागावर फिरायचं? वर्मी लागेल याची खात्री असेल तरच.

वर्मी लागलं तरी हरीण शंभरेक मीटर धावू शकतं. सिनेमात जागच्या जागी कोसळतं, तसं नाही. हे चिनूला आधी सांगून ठेव.

कपडे नारिंगी. तो रंग इतर शिकाऱ्यांना दिसावा म्हणून असतो, हरणाला तो आपल्यासारखा भडक दिसत नाही. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा मात्र त्याला झकास दिसतो, तेव्हा निळी जीन्स घरी. सुती कपडेही नकोत, ओले झाले की गारठवतात. एका जागी बसलेलं पोर मोठ्या माणसापेक्षा लवकर थंड पडतं.

---

प्रेषक: वहिनी
मंगळवार, रात्री

मी मुलांच्या दवाखान्यात काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते.

गोचीड. घरी आल्या आल्या कपडे काढून केसांच्या कडा, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, बेंबीत बघा. पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, उजेडातच दिसते. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा जंतू अंगात शिरायला बहुतेक वेळा एका दिवसाहून जास्त लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी बघण्याला अर्थ आहे. चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची. तेल, काडी, मेणबत्ती हे प्रकार करू नका.

दुसरं म्हणजे शिसं. त्यांनी प्रेमाने मांस दिलं तर गोळी शिशाची होती की तांब्याची, ते विचारा. शिशाची गोळी आत फुटते आणि कण जखमेपासून वीतभर लांबही जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. ती पक्ष्यांना विषबाधा व्हायची म्हणून. हरणासाठी तशी सर्रास बंदी नाही.

---

प्रेषक: नानांची धाकटी
बुधवार, रात्री

बाबांनी आईला मेल वाचून दाखवली, मग मला फॉरवर्ड केली. काकू, बाबांनी पहिल्या वेळचं सांगितलं. दुसऱ्या वेळचं गाळलं.

दुसऱ्या वेळी मी आठ वर्षांची होते आणि बाबांनी हरीण मारलं. ते पडलं नाही, पळालं. मला वाटलं नेम चुकला, मी खूश होऊन ओरडले. बाबा म्हणाले, लागलंय, आता अर्धा तास थांबायचं. त्या अर्ध्या तासात माझ्याशी कोणी काही बोललं नाही. थांबायचं का, ते मला मोठी झाल्यावर कळलं. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उठून आणखी लांब पळतं.

मग माग काढायला निघालो. माझी उंची कमी, त्यामुळे ठिपके मलाच आधी दिसायचे. गवताच्या पात्यांवर गुलाबी, फेसाळ. बाबा म्हणाले, फुप्फुसाला लागलंय, लांब नसेल. मी ठिपके मोजत होते. सोळा, सतरा, अठरा. मी इतकी रमले की आपण काय शोधतोय तेच विसरले, आणि एकदम समोर हरीण. त्याचा डोळा उघडा होता. डोळ्यावर गवताची काडी पडली होती आणि ते पापणी हलवत नव्हतं. मी ती काडी काढली.

तिथे मी रडले नाही. गाडीत बाबांनी विचारलं, "मजा आली ना?" मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार? घरी येऊन रडले. आजी म्हणाली, रडू नको, ते झोपलंय. मग आठवडाभर मला झोपायचीच भीती वाटत होती.

काकू, चिनूला "झोपलं" म्हणू नका. मेलं म्हणा. पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना हळूहळू कळायला लागतं की मेलेलं परत येत नाही. अर्धवट कळत असताना गोड शब्दांनी आणखी घोळ होतो. आणि येताना गाडीत त्याला काही विचारू नका. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल, बहुतेक आंघोळीच्या वेळी.

मी शिकार करत नाही. मांस खाते. बाबांबरोबर अजूनही लपणात जाऊन बसते, कॅमेरा घेऊन.

---

प्रेषक: नाना
बुधवार, रात्री उशिरा

काडीचं आठवतंय मला. बाकीचं आज कळतंय.

---

प्रेषक: अप्पा
गुरुवार, सकाळी

माझा विरोध कायम आहे, पण नानांच्या मुलीची मेल वाचून एक आठवलं. १९०८ साली मुंबईत एका पोराने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग, ओळखीची नव्हे. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं त्या पोरासमोर उघडली. पोराचं नाव सलीम अली.

लगेच कोणी "बघा, शिकारीतून पक्षितज्ज्ञ घडतो" असं लिहू नये. चिमण्या पाडणारी पोरं गल्लोगल्ली होती. कपाटं उघडणारा माणूस एखाद्यालाच भेटला. चिनूबरोबर तसा कोण जातोय, ते बघा म्हणजे झालं.

---

प्रेषक: मंडळ-गप्पा व्यवस्थापन
गुरुवार, दुपारी

सभासदांनी उत्तर देताना खालची सगळी मेल परत जोडू नये, ही नम्र विनंती. काहींच्या पेट्या भरल्या आहेत. चर्चा चालू ठेवायला हरकत नाही.

---

प्रेषक: चिनूची आई
रविवार, सकाळी

मंडळी, गेले आणि आले.

गृहस्थांना सगळं विचारलं. रागावले नाहीत, उलट मचाणाचा बेत सोडून जमिनीवरच बसायचं ठरवलं, आणि बंदुकीवर मझल ब्रेक नाही हे स्वतः उघडून दाखवलं. मुलांचे मफ त्यांच्याकडे होते, बोळे मी आणले. चिनूने शुक्रवारी संध्याकाळी मफ घालून टीव्ही बघितला, जेवला, आणि ते घालूनच झोपायला निघाला होता. नारिंगी जाकीट त्याच्या मित्राचं, गुडघ्यापर्यंत आलेलं.

पाच वाजता उठले, नऊला परत. दोन हरणं आली, पण झाडीच्या पलीकडे चालत होती. त्यांनी बंदूक उचललीसुद्धा नाही. नवरा सांगत होता की एकटे असते तर नक्की उचलली असती, तोंडावर दिसत होतं. नंतर चिनूला थंडी वाजली म्हणून हा त्याला घेऊन निघाला, तर मित्रही मागोमाग आला, आणि मग तेही उठले.

मी गाडीत काही विचारायचं नाही असं नवऱ्याला बजावलं होतं. आंघोळीच्या वेळी चिनू आपण होऊन बोलला. हरणाच्या लेंड्या हातमोज्यात घेऊन बघितल्या, गरम होत्या, म्हणजे हरीण आत्ताच इथे होतं, असं काकांनी सांगितलं. मग म्हणाला, "आई, ती दोन हरणं मेली असती का?" मी म्हटलं, हो, एक मेलं असतं. तो जरा वेळ पाण्यात हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "कुठलं?" मला उत्तर आलं नाही. पुढच्या वेळी जायचं का, तेही अजून विचारलेलं नाही.

वहिनी, चिनूच्या अंगावर काही सापडलं नाही. गोचीड निघाली ती नवऱ्याच्या गुडघ्यामागे. चिमट्याने ओढली. तो चिनूपेक्षा जास्त ओरडतो.