मदत हवी आहे : सोलापूर ते पुणे पायी, डायलिसिसच्या रुग्णांसाठी निधी. मुक्काम, तंबू आणि वाटेतल्या पैशांबद्दल

नमस्कार मंडळी,

गड्डा यात्रा (संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा) उरकली की आम्ही सोलापूरचे सातजण पायी पुण्याला निघतोय. आधी कारण सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न नीट कळतील.

सोलापुरात डायलिसिसला जिल्हाभरातून माणसं येतात. डायलिसिस सरकारी योजनेत बसतं, त्याचे पैसे पडत नाहीत. पण आठवड्यातून दोन-तीन खेपा, दर खेपेला चारेक तास मशीनवर, आणि सोबतीला घरचं एक माणूस. दोघांचं एसटीचं भाडं, शिवाय त्या माणसाची हजेरी बुडते ती वेगळीच. करमाळ्याकडचा माणूस पहाटे निघतो तो रात्रीच घरी पोचतो. मग होतं काय, तीनच्या दोन खेपा होतात, दोनाची एक होते, आणि अंगात पाणी साठून, दम लागून माणूस थेट ॲडमिट. इथली एक संस्था या प्रवासखर्चाला हातभार लावते. निधी तिच्याच खात्यात थेट जाणार, आमच्याकडे काही येणार नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, धागा जाहिरातीत जायला नको.

पुणंच का? कारण सोलापूरची पोरं सगळी तिकडेच आहेत. देणार आहेत तेच.

हायवेने सरळ मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं गेलं तर अडीचशे किलोमीटर. पण त्या रस्त्याला चालणाऱ्याला कोण विचारतो? ट्रक, ट्रॅव्हल्स आणि ढाबे. म्हणून मोहोळपर्यंत हायवे (लांबोटीला चिवड्यासाठी थांबणं आलंच), तिथून पेनूर, तुंगत करत पंढरपूर, आणि पुढे तुकोबांच्या पालखीचा मार्ग उलटा धरायचा. पिराची कुरोली, बोरगाव, अकलूज, सराटी, इंदापूर, निमगाव केतकी, सणसर, बारामती, उंडवडी, वरवंड, यवत, लोणी काळभोर. अंतर पन्नासेक किलोमीटरनी वाढतं, पण दर टप्प्याला हजारो माणसं उतरवून घ्यायची सवय असलेलं गाव मिळतं. रोटी घाट आम्हाला उताराचा येतो, तेही एक बरं. रोज वीस-बावीस किलोमीटर धरले तर पंधरा दिवस. परत येताना हुतात्मा एक्स्प्रेस, चार तास. तो विचार आत्ता करायचा नाही असं ठरलंय. माघी एकादशीच्या आसपास पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते, तेवढ्या तारखा टाळणार आहोत.

आमच्यात सगळ्यात थोरले काका एकसष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त. सगळ्यात धाकटी पोरगी चोवीसची. दोघी बायका, पाच पुरुष. कोजागरीला तुळजापूरला चालत जायची सवय सगळ्यांनाच आहे. पण ते पंचेचाळीस किलोमीटर एका रात्रीत, वाटभर गर्दी, जागोजाग चहा-फराळ, आणि दुसऱ्या दिवशी घरी पाय शेकत पडून राहायचं. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी परत बूट घालायचेत. काका म्हणतात, "चालायला काय ओ, वारीला लाखो लोक चालतात की." खरंय, पण वारीत मागे टँकर असतो, डॉक्टर असतो, दिंडीचा तंबू आधीच पुढच्या मुक्कामाला पोचलेला असतो. आमच्या मागे एक छोटा हत्ती टेम्पो, तोही रोज नाही.

आता प्रश्न.

मुक्काम. पालखी तळाची मैदानं आषाढीचे दिवस सोडले की रिकामीच असतात. तिथे एक रात्र तंबू ठोकायचा तर परवानगी कोणाची? ग्रामपंचायत, तहसील, की कोणाचीच नाही? झेडपीच्या शाळा आणि देवळांचे सभामंडप हा दुसरा पर्याय, पण शाळा सकाळी भरायच्या आत आवरावं लागणार. सरपंचांना आधी फोन करून ठेवावा की गावात गेल्यावर पारावर विचारावं? माझा अनुभव असा की फोनवर माणूस "बघू" म्हणतो आणि समोर उभं राहिलं की किल्ली काढून देतो. पण सातजण, त्यात दोघी बायका, तेव्हा अंधार पडायच्या वेळी "बघू" नको वाटतं. आंघोळ आणि संडास हा खरा प्रश्न. पेट्रोल पंपांवर सोय असते हे माहीत आहे, पण ती किती पंपांवर वापरण्याजोगी आहे हे त्या भागातल्या बायकांनीच सांगितलं तर उपयोगाचं.

तंबू. तंबूवाला "तिघांचा" म्हणून देतो त्यात दोनच माणसं मावतात, हे कळून चुकलंय. हिप्परग्याच्या तळ्याजवळ ओळखीच्या शेतात एक रात्र झोपून बघितलं. काळी माती, वरून दगडासारखी. खुंटी आत जाईना, आणि भेगेत घातली तर नुसती खुळखुळते. शेवटी दोऱ्या विटांना बांधल्या. रात्री थंडी म्हणून तंबूची चेन पूर्ण लावली, तर पहाटे आतूनच थेंब टपकायला लागले, पांघरूण वरून ओलं. चेन उघडी ठेवली की वारा आत. नीरेच्या कालव्याकडेला, उसाच्या पट्ट्यात दव याहून जास्त पडणार. तिथे तंबू लावलेल्यांनी सांगा, वर वेगळी ताडपत्री बांधून फरक पडतो का? आईचं म्हणणं सोपं आहे, "सोलापुरी चादर घे, दुसरं काही लागत नाही." तिला चादरीचं वजन सांगून उपयोग नाही.

बिबट्या. हसू नका. करमाळ्यात डिसेंबर २०२० मध्ये नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली होती, आणि आम्ही ऐन ऊसतोडीत चाललोय, फड मोकळे होत असताना. उसाला लागून तंबू लावायचा नाही, रात्री एकट्याने बाहेर जायचं नाही, एवढं ठरवलंय. इंदापूर, बारामती, दौंड भागातल्यांनी आपापल्या गावची परिस्थिती लिहावी.

खरं तर मला बिबट्यापेक्षा भीती उसाच्या ट्रॅक्टरची वाटते. मागे दोन ट्रॉल्या, त्याला दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटात झाकलेला, आणि गाणी इतकी मोठ्यांदा की मागून हॉर्न दिला तरी त्याला ऐकू येत नाही. उजव्या बाजूने, समोरच्या गाडीकडे तोंड करून चालणार, रिफ्लेक्टरची जाकिटं घालणार आणि उजाडायच्या आत रस्त्यावर येणार नाही. पालखी मार्ग आता चौपदरी काँक्रीटचा झालाय, जुनी झाडं बरीच गेली. काँक्रीटवर दिवसभर चाललं की गुडघे बोलतात. कडेची मातीची पट्टी चालण्याजोगी कुठे आहे, कुठे नाही?

पाय. वारकरी मंडळी फोडातून सुईदोरा ओवून ठेवतात. आमचा डॉक्टर मित्र त्यावर डोक्याला हात लावतो. त्याचं म्हणणं, फोड यायच्या आधीच टाच आणि बोटांना मायक्रोपोर पट्टी, बूट अर्ध्या नंबरने मोठा, मोजे दुपारी बदलायचे. दोन्ही करून बघितलेल्यांनी सांगा.

जेवणाची चिंता नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, छोटा सिलिंडर, खिचडी.

आणि आता ज्यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला ते. आपल्याकडे पायी चाललेल्या माणसाला लोक तसं जाऊ देत नाहीत. मोहोळपर्यंत सरावाला गेलो तेव्हा कुठे चाललाय विचारून एका म्हातारीने काकांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दहाची नोट पुढे केली. काकांनी "आजी, आम्ही वारकरी नाही" म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, "असू द्या, चालताय न्हवं." नोट घेतली नाही. तिचा चेहरा उतरला. आता संस्थेचं म्हणणं, पावतीशिवाय रोख एक रुपया घ्यायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन हजारांच्या वर रोख देणगीला आयकरात ८०जी ची सवलतही मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच यावी. पण दहा रुपयांचं काय? काका म्हणतात नोट घ्यावी, पुढच्या देवळाच्या पेटीत टाकावी. धाकटी म्हणते, हे तर फसवणूक झाली, तिने डायलिसिसवाल्यांसाठी दिले होते. मला वाटतं संस्थेचं पावती पुस्तक सोबत ठेवावं आणि दहालाही पावती फाडावी, मग चालणं तासाभराने लांबलं तरी चालेल. पण संस्थेबाहेरच्या माणसाने पावती फाडली तर चालतं का, धर्मादाय आयुक्त कार्यालयाला आधी काही कळवावं लागतं का? ट्रस्टचं काम बघणारं कोणी इथे असेल तर नक्की लिहा.

तसंच जेवणाचं. घरी बोलावून पुरणपोळी वाढणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, आणि रोज हो म्हटलं तर निधीसाठी निघालेली माणसं गावोगाव जेवत निघाली असं व्हायचं. चहा घ्यायचा, जेवण आपलं, इतपत एकमत झालंय. हुरड्याला अपवाद ठेवावा अशी दोघांची मागणी आहे.

भर (प्रतिसाद वाचून) :

आभार सगळ्यांचे. "एवढं चालण्यापेक्षा तोच खर्च संस्थेला द्या" असं दोघा-तिघांनी लिहिलंय. खर्च आमच्या खिशातला आहे, आणि सातजणांच्या पंधरा दिवसांच्या खिचडीत फार मोठी रक्कम उभी राहत नाही. नुसतं आवाहन व्हॉट्सॲपवर टाकलं की लोक हात जोडल्याचा इमोजी टाकून पुढे जातात. रोज संध्याकाळी "आज सराटी, आज इंदापूर" असा फोटो गेला की निदान विचारतात, कशासाठी चाललाय म्हणून. तेवढ्यासाठीच चालणं आहे.

सराटीला नदीकाठी तंबू लावू नका हा सल्ला पटला, रात्री तिथे वाळूच्या गाड्या फिरतात हे डोक्यात आलं नव्हतं. अकलूजला मंगल कार्यालय सुचवणाऱ्या ताईंना व्यनि (खासगी निरोप) केलाय.

वरवंड ते लोणी काळभोर या पट्ट्याबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही. तिकडचं कोणी असेल तर यवतच्या पालखी तळावर पाण्याचा नळ वर्षभर चालू असतो का, एवढं तरी सांगा. फोन नंबर धाग्यावर टाकू नका, व्यनि करा.