क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ५१ : ही किडनीच्या आजाराची स्टेज ३ का? (बजेट ६००)

सईची_लेक: आई ६२ वर्षांची, मधुमेह आहे. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) १.२. रिपोर्टात त्याला तारांकन (मर्यादेबाहेरची खूण) नाही, पण खाली बारीक अक्षरात ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज) ५१ लिहिलाय. पुढे कुठल्या टेस्ट करू? ६०० रुपयांच्या आत सांगा.

खमंग_पुणेकर: १.२ नॉर्मलच आहे की.

मुळामुठा: कोणासाठी नॉर्मल? ईजीएफआर काढायच्या २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने याच वयाच्या पुरुषाला १.२ला ६८ येतो, बाईला ५१. पण एका रिपोर्टवर क्रॉनिक (जुनाट) आजार म्हणत नाहीत, ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली हवा. जुलाब, उलट्या, पेनकिलर यांनीही क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं. आधी फायलीतले जुने रिपोर्ट काढा. फुकट काम आहे.

ठाणे_वेस्ट: सिस्टॅटिन सी (किडनीसाठीची दुसरी रक्तचाचणी) करा, शिवाय सोनोग्राफी. माणूस रोडावलेला, स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिन फसवं चांगलं दिसतं.

मुळामुठा: ६००मध्ये?

लॅबवाला_दादा: सगळे रक्तच धरून बसलेत. ईजीएफआर ४५ ते ५९ म्हणजे जी३ए, ३० ते ४४ जी३बी, १५ ते २९ जी४, त्याखाली जी५. ही झाली अर्धी स्टेज. उरलेली अर्धी लघवीत. एसीआर (लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन क्रिएटिनिनच्या मानाने किती) करा : सकाळची पहिली लघवी, मधली धार. ३०च्या खाली ए१, ३०० पर्यंत ए२, वर ए३ (एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे मिलिग्रॅम अल्ब्युमिन). ईजीएफआर तोच ५१, पण ए१ असेल तर जोखीम मध्यम, ए३ असेल तर अति. ताप किंवा युरिन इन्फेक्शन असताना नमुना देऊ नका, आकडा फुगतो.

खमंग_पुणेकर: टोमॅटो, पालक लगेच बंद. रोज चार लिटर पाणी.

लॅबवाला_दादा: रक्तातलं पोटॅशियम वाढलंय का, पाहिलंय कुणी? नसेल वाढलं तर टोमॅटोने काय घोडं मारलंय?

कोकणकन्या_९: माझंही मत एसीआर. आणि ईजीएफआर ७५ आला म्हणून कुणी स्वतःला स्टेज २चा पेशंट समजू नये. लघवीत अल्ब्युमिन किंवा सोनोग्राफीत दोष नसेल तर तो आजारच नाही.

सईची_लेक: धन्यवाद सगळ्यांना. ५९९चं साठ टेस्टचं फुल बॉडी पॅकेज घेतलं, घरी येऊन रक्त नेतात.

लॅबवाला_दादा: त्यात युरिन रुटीन असतं, एसीआर नसतो बहुतेक. युरिन रुटीनच्या पट्टीवर थोडं अल्ब्युमिन उमटत नाही.

सईची_लेक: बुक झालं. उद्या सातला माणूस येतोय.

लॅबवाला_दादा: मग आज रात्री मटण नको. क्रिएटिनिन चढतं.