उत्तर: राजमाचीला लोणावळ्याकडून की कर्जतकडून?
वर विचारलंय की उल्हास नदीच्या खोऱ्यातून राजमाची किल्ल्यावर जायचं तर लोणावळ्याकडून की कर्जतकडून, तर माझं मत सरळ आहे, एकदाच जाणार असाल तर कर्जतकडूनच चढा. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे १५-१६ किमीची वाट आहे, बरीचशी सपाट, नवख्यांना बरी, पण खोरं पायाखाली घेत वर जाण्याची मजा तिच्यात नाही.

कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे, मग चालत कोंढाणे लेणी. इथे घाई करू नका प्लीज! चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरलीय, कमानीखालच्या तुळयांची टोकंसुद्धा, आणि पावसाळ्यात वरून पडणाऱ्या धारेचं पाणी अंगावर उडत असतं. तिथून पुढे जंगलातून खडी चढण, दोन-अडीच तास धरा, दम निघतो, पाऊस असेल तर दगड शेवाळलेले असतात म्हणून चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच.

वर उधेवाडी गावात पिठलं-भाकरी खाऊन राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी आधी श्रीवर्धन करा, मग वेळ उरला तर मनरंजन. ढग फाटले की खालचं अख्खं खोरं एकदम उघडं पडतं, मी तर तिथून हललोच नव्हतो. उतरताना लोणावळ्याची वाट धरा, म्हणजे दोन्ही वाटा होतील.