कंप्लिशन क्यू शेअर करावी की प्रत्येक ड्रायव्हरला वेगळी? सल्ला हवाय

सातपूरचा_कर्नेल
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमची छोटी टीम आहे. 32 कोअरचा सर्व्हर, त्यात एक आरडीएमए कार्ड (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत डेटा पोचवणारं नेटवर्क कार्ड), त्यावर एनव्हीएमईचे (वेगवान एसएसडी स्टोरेजचे) 10 कंट्रोलर. प्रत्येकाच्या 32 क्यू आणि एक अ‍ॅडमिन, म्हणजे 330 कंप्लिशन क्यू (सीक्यू; झालेल्या कामांच्या नोंदी कार्ड जिथे टाकतं त्या रांगा)! इंटरप्ट व्हेक्टर (काम झाल्याची सीपीयूला हाक मारायच्या वाटा) मात्र 32च. आता त्याच कार्डावर आमचा स्वतःचा ड्रायव्हर चढवायचाय. लिनक्स कर्नेल 5.4. सीक्यू शेअर करण्याचा कोड मीच लिहू का?

गोदाकाठ
नका लिहू, राव. आधी कर्नेल वर न्या. सामायिक सीक्यूचा पूल 2020 मध्ये 5.8 सोबत आला आणि एनव्हीएमईचा ड्रायव्हर तो वापरतोच. तुमच्या ड्रायव्हरने आयबी_अलॉक_सीक्यू (स्वतःची वेगळी सीक्यू बनवणारं फंक्शन) ऐवजी आयबी_सीक्यू_पूल_गेट वापरायचं, बस. पूल कार्डागणिक असतो, त्यामुळे दोन वेगळे ड्रायव्हरही एकाच सीक्यूवर बसू शकतात.

हिशेब बघा. पूलमधली सीक्यू साधारण 4096 नोंदींची. 128 खोलीची एनव्हीएमई क्यू 513 नोंदी मागते, म्हणजे एका सीक्यूत अशा 7 मावतात. दर व्हेक्टरवर तुमच्या 10 क्यू, म्हणजे 2 सीक्यू; 330 च्या जागी 64 मध्ये भागेल.

फायदा इंटरप्टमध्ये: एकाच हाकेत अनेक क्यूंचं काम उरकतं. मिसळीच्या हॉटेलात दर टेबलाच्या हाकेला पोऱ्या वेगळी फेरी मारू लागला तर दमेल. एकदा रस्सा घेऊन निघाला की चार टेबलांना वाढून यावा.

द्राक्षबाग_42
गोदाकाठ म्हणतात ते बरोबर, पण शेजारधर्म पाळावा लागतो. आम्ही एकदा पूलकडे फक्त सेंडच्या नोंदी मागितल्या, रिसीव्ह मोजायच्या राहिल्या. लोड वाढला, सीक्यू ओसंडली, आणि तिच्यावरच्या शेजाऱ्याच्या क्यूपीही (सेंड-रिसीव्हच्या क्यू-जोड्या) एररमध्ये गेल्या. चूक आमची, शिव्या स्टोरेजवाल्यांना. रात्री दोनला उलगडा झाला.

दुसरं, डन कॉलबॅकमध्ये (नोंद आल्यावर चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये) रेंगाळू नका. वेगळ्या सीक्यूवर तुमचा आळस तुमच्यापुरता राहतो. इथे मागचे सगळे खोळंबतात.

सातपूरचा_कर्नेल
धन्यवाद दोघांनाही. आमच्या एका क्यूला लेटन्सी फार कमी हवीय, ती इंटरप्टची वाट न बघता स्वतःच पोल करते (सीक्यू सतत तपासते). तीही पूलमध्ये?

गोदाकाठ
ती नाही. डायरेक्ट पोलिंग पूलमध्ये चालतच नाही, तिच्यासाठी जुनं अलॉकच ठेवा. सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर लगेच नोंदी उरकणाऱ्या) आणि वर्कक्यूवाल्या (कर्नेल थ्रेडवर उरकणाऱ्या) सीक्यूही पूलमध्ये वेगवेगळ्या राहतात, एकमेकींत मिसळत नाहीत.

द्राक्षबाग_42
आणि मॉड्यूल काढल्यावरही सीक्यू दिसत राहिल्या तर लीक समजून घाबरू नका, मी अर्धा दिवस घालवलाय त्यात. पुट केल्यावर (घेतलेली जागा परत दिल्यावर) त्या पूलकडेच राहतात; मोडल्या जातात त्या कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर काढल्यावरच. आरडीएमए टूलच्या रिसोर्स शो सीक्यू कमांडमध्ये यूझर्सचा आकडा बघा, तो उतरला म्हणजे तुमच्या क्यूपी त्या सीक्यूवरून सुटल्या; पुट बरोबर चाललं का, हे मात्र त्यातून कळत नाही.