मँचेस्टर युनायटेड: अमोरिम यांना आणखी किती वेळ द्यायचा?

धागा (२८ ऑगस्ट २०२५)

ग्रिम्स्बी टाउन हा इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत खेळणारा संघ. लीग चषकाच्या दुसऱ्या फेरीत त्याने काल मँचेस्टर युनायटेडला पेनल्टी शूटआऊटमध्ये १२-११ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. भारतात हा सामना मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला, त्यामुळे तो पूर्ण पाहणाऱ्यांची झोपही गेली आणि अब्रूही. पूर्वार्धात आधी ग्रिम्स्बीच्या वर्नमचा फटका आपला गोलरक्षक ओनानाला अडवता आला नाही, मग त्याचाच अंदाज चुकल्याने वॉरनला दुसरा गोल आंदण मिळाला. उत्तरार्धात युनायटेडच्या एम्बेमो आणि मग्वायर यांनी बरोबरी साधली म्हणून प्रकरण शूटआऊटपर्यंत तरी लांबले.

कॅमेऱ्याने टिपलेले एक दृश्य मला या पराभवाहूनही अधिक खटकले. प्रशिक्षक रुबेन अमोरिम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून छोट्या फळीवरच्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवत होते. सोंगट्या कुठेही सरकोत, अमोरिम आले त्या गेल्या नोव्हेंबरपासून संघाची मूळ मांडणी तीच आहे: मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन. या मांडणीने गेल्या मोसमात प्रीमियर लीगच्या २७ सामन्यांत २७ गुण मिळाले आणि १४ पराभव पदरी पडले. संघ ४२ गुणांसह १५व्या स्थानावर राहिला. १९७४ साली खालच्या श्रेणीत घसरण झाल्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी होय. युरोपा लीग जिंकून हे पाप धुऊन निघेल, अशी आशा होती. पण बिल्बाओच्या अंतिम सामन्यात ज्या टॉटनहॅमने आपल्या युनायटेडला १-० असे हरवले, तो संघ लीगमध्ये आपल्याहूनही खाली, १७व्या क्रमांकावर होता. मोसम नुकताच सुरू झाला आहे, म्हणून निर्णय घ्यायचा तर आत्ताच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १

आदरपूर्वक असहमत. मोयेस, व्हॅन गाल, मॉरिन्यो, सोल्शार, टेन हाग या सर्व प्रशिक्षकांना आपण याच घाईने निरोप दिला आणि दर वेळी नव्या माणसाला जुन्या माणसाने निवडलेले खेळाडू वारशाने मिळाले. अमोरिम यांनी आपल्या आधीच्या क्लबला, स्पोर्टिंगला, १९ वर्षांनंतर पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिले आणि २०२४ मध्ये तीच कामगिरी पुन्हा केली, तीही याच मांडणीने. मोसमाच्या मध्यात येण्याची त्यांची इच्छा नव्हती. क्लबनेच आग्रह धरला. कुन्या, एम्बेमो आणि शेश्को या तिघा नव्या खेळाडूंवर आत्ता कुठे सुमारे २० कोटी पौंड खर्च झाले आहेत आणि लीगचे जेमतेम दोन सामने झाले आहेत. आपले माजी प्रशिक्षक फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात आले, त्यांचा पहिला चषक १९९० मध्ये आला. तेव्हाच्या संचालकांनी आपल्यासारखा विचार केला असता, तर पुढची १३ लीग विजेतेपदे कुठून आली असती?

धागाकर्ता

फर्ग्युसन यांचा दाखला निघणार, याची खात्रीच होती. पण तो देताना दोन गोष्टी सोयीस्करपणे गाळल्या जातात. एक म्हणजे १९८७-८८ मध्ये, आपल्या पहिल्याच पूर्ण मोसमात, त्यांनी संघाला दुसऱ्या क्रमांकावर नेले होते. म्हणजे संयम ठेवायला काही आधार होता. दुसरे म्हणजे येण्याआधी त्यांनी ॲबरडीनसारख्या क्लबला युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदवर विजय मिळवून दिला होता. अमोरिम यांची पोर्तुगालमधली कामगिरी मी नाकारत नाही, परंतु आपल्याकडे आल्यापासून त्यांनी दाखवलेला असा एक तरी आधार सांगा.

प्रतिसाद २

प्रशिक्षकाच्या नावाने खडे फोडणे सोपे आहे, खेळाडूंना मात्र सगळेच पाठीशी घालतात. आर्सेनलविरुद्ध कॉर्नरवर दुसरा गोलरक्षक बायंदिर चाचपडला, काल ओनाना. फुलहॅमविरुद्ध ब्रुनो फर्नांडिसने पेनल्टी थेट गोलच्या आडव्या खांबाच्या वरून बाहेर मारली. यांपैकी कोणती चूक मांडणीमुळे झाली? चेंडू पकडता न येणारा गोलरक्षक मागे तीन असोत वा चार, संघाला बुडवणारच. काल सामना संपल्यावर अमोरिम यांच्या बोलण्याचा रोखही खेळाडूंकडेच होता, आणि त्यात चुकीचे काही नाही. दर दोन वर्षांनी बावीस खेळाडू बदलणे कोणत्याच क्लबला परवडणारे नसते, त्यामुळे बळी जातो तो एकट्या प्रशिक्षकाचा, आणि ड्रेसिंग रूममधल्या मंडळींना हे पुरते ठाऊक आहे.

प्रतिसाद ३

गोलरक्षकांबाबत सहमत, बाकी नाही. मांडणीचा दोष शोधायचा असेल तर गोलपासून जरा पुढे, मैदानाच्या मध्यावर पाहावे लागेल. तीन-चार-तीन मध्ये मध्यभागी दोनच खेळाडू उरतात आणि प्रीमियर लीगमधले बहुतेक संघ तिथे तीन जण उभे करतात. त्या दोघांत आपण कोणाला खेळवतो? वयाची तेहेतिशी ओलांडलेला कासेमिरो आणि ज्याचे सारे कौशल्य शेवटच्या पासात आहे तो ब्रुनो. प्रतिस्पर्ध्याचा तिसरा खेळाडू मोकळा झाला, की कासेमिरोने त्याच्यावर जावे की आपली जागा धरावी, याचे उत्तर कोणाकडेच नसते. तो पुढे गेला तर पाठीमागे मैदान मोकळे, थांबला तर समोरचा मान वर करून हवा तिथे चेंडू देतो. मग बचावफळीतला एखादा गडी नाइलाजाने पुढे धावतो आणि तिथून सगळी घडी विस्कटते. ज्या कोबी मेनूचे पाय या जागेसाठी तरुण आहेत, त्याला लीगच्या दोन्ही सामन्यांत एक मिनिटही मिळालेले नाही. त्याची स्पर्धा ब्रुनोशी आहे, असे प्रशिक्षकच म्हणतात; म्हणजे ब्रुनोला त्याच्या खऱ्या जागेवरून मागे ओढायचे आणि मेनूला बाकावर बसवायचे. एका निर्णयात दोघांचे नुकसान.

मी अमोरिम यांना काढा म्हणणार नाही, पण मध्यावर तिसरा खेळाडू न देण्याचा त्यांचा हट्ट मला तत्त्वनिष्ठा वाटत नाही.

प्रतिसाद ४

चर्चा चांगली चालली आहे, पण खुर्चीत बसवणाऱ्यांचे नाव अजून निघालेले नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले, ही जुनी कथा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफ यांनी सुमारे २८ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा आता फुटबॉल कळणारी माणसे निर्णय घेतील, असे सांगण्यात आले. त्या माणसांनी जुलैत टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. क्रीडा संचालक म्हणून आणलेले ॲशवर्थ पाच महिन्यांत गेले. या दोघांच्या गच्छंतीपायी सुमारे १.४५ कोटी पौंड मोजले गेले, आणि त्याच सुमारास काटकसरीच्या नावाखाली शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या घालवून उरलेल्यांचे मोफत जेवणही बंद केले. मॅकटॉमिनेला विकले, तो नापोलीत जाऊन विजेता झाला आणि इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. अँटनी स्पेनच्या बेटिसकडे उसना गेला आणि तिथे युरोपीय अंतिम फेरीत खेळला. आता असा प्रशिक्षक निवडायचा ज्याची मांडणी एकच आहे हे साऱ्या युरोपला माहीत होते, आणि वर त्याच मांडणीवर आश्चर्य व्यक्त करायचे, याला काय म्हणावे?

धागाकर्ता

हा मुद्दा मान्य, पण तो माझ्या बाजूचा आहे. चुकीची निवड झाली असेल तर ती करणाऱ्यांनीच ती सुधारायला हवी, आणि मालक तर काही शनिवारपर्यंत बदलणार नाहीत. शनिवारी घरच्या मैदानावर बर्नलीशी गाठ आहे. मध्यावर तिसरा खेळाडू दिसला आणि मेनू सुरुवातीपासून खेळला, तर धाग्याचे शीर्षक बदलायला माझी हरकत नाही.

प्रतिसाद १

बर्नली नुकताच वरच्या श्रेणीत आलेला संघ आहे. त्याला हरवले तर तुम्ही म्हणाल, प्रतिस्पर्धीच दुबळा होता. तेव्हा तुमची अट आत्ताच इथे लिहून ठेवलेली बरी.